नीट ठेवलेल्या वस्तू आणि इतर फजित्या

काल कपाटाची जादा किल्ली शोधत होते. ही किल्ली मी मुद्दाम 'नीट' ठेवलेली, म्हणजे गरज पडली की लगेच आठवेल अशा जागी. पाऊण तास घर उलथंपालथं केल्यावर किल्ली सोडून सगळं सापडलं, त्यात एक कात्रीसुद्धा, जी हरवली म्हणून मी दुसरी आणलेली आणि ती हरवली म्हणून तिसरी. नवरा म्हणतो तू नीट ठेवत जाऊ नकोस, टाक कुठेतरी, म्हणजे सापडेल. तर असले फुटकळ किस्से इथे लिहा. मोठी संकटं नकोत, त्यासाठी नातेवाईक आहेत.

*

माझा ठरलेला प्रकार. ओळखीचं कुणी रस्त्यात भेटतं, मस्त गप्पा होतात, 'चला, येतो मग' असा रीतसर निरोप होतो आणि दोघंही एकाच दिशेला चालायला लागतो. आता बोलावं तर विषय संपलेले, न बोलावं तर खांद्याला खांदा. परवा यातून सुटायला मी बुटाची लेस बांधतोय असं दाखवून खाली वाकलो. पायात चप्पल होती. ते गृहस्थ सभ्य, थांबले आणि म्हणाले, 'सावकाश होऊ दे'.

*

'सावकाश होऊ दे' ला फुटले, हाहाहा. माझं ऐकण्याचं गणित आहे. समोरच्याला 'काय?' दोनदाच विचारता येतं, तिसऱ्यांदा लाज वाटते, मग मी हसून 'हो हो, नक्की' म्हणते. असंच एका शेजाऱ्यांना म्हटलं. रविवारी सकाळी साडेसहाला ते दारात, हातात शिडी. अजून कळलेलं नाही मी कशाला हो म्हटलं होतं, पण त्यांचा माळा आता लख्ख आहे.

*

पेनड्राइव्ह. सरळ घातला, जात नाही. उलटा केला, जात नाही. परत पहिल्यासारखा केला की जातो. १९९६ ला यूएसबी आलं तेव्हापासून हेच चालूये.

*

वायरवाला इअरफोन वापरणारं अजून कुणी आहे का? मी तो अगदी शिस्तीत गुंडाळून खिशात ठेवते आणि बाहेर काढला की सुगरणीचं घरटं. आधी वाटायचं माझेच हात असे, पण २००७ साली रेमर आणि स्मिथ या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी डब्यात दोरी टाकून तो डबा तीन हजारांवर वेळा गरगर फिरवून बघितलाय, आणि काही सेकंदांतच गाठी पडतात म्हणे, फक्त दोरी साधारण ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड असली तर नाही. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीशीर बक्षीस) मिळालं. म्हणजे उपाय एकच, दीड फुटी इअरफोन घ्यायचा आणि फोन गळ्यात बांधून हिंडायचं.

*

समोरून कुणीतरी हात हलवला, मीही जोरात हलवला, मग कळलं तो माझ्या मागच्या माणसाला होता. वर गेलेला हात तसाच केसांवरून फिरवला. मला टक्कल आहे.

*

धागाकर्तीकडून अपडेट: किल्ली सापडली! कात्रीच्या जागेवर होती. कात्र्या मात्र आता दोनच दिसतायत.