आठवी-नववीच्या मुलांना कुठल्या रहस्यकथा द्याव्यात?

मलप्रभाकाठ: खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेचं ग्रंथालय. रहस्यकथा मागायला मुलं गर्दी करतात, पण जाड पुस्तक तिसऱ्या दिवशी परत येतं आणि बारकं पुस्तक 'पोरकट आहे' म्हणून उचलतच नाहीत. या वयाला नेमकं काय धरून ठेवतं? दसऱ्याच्या सुट्टीआधी २० पुस्तकं घ्यायची आहेत.

शेवटचं_पान: मॅडम, मुलांना ओढ खुनाची नसते, बरोबरीच्या वागणुकीची असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मोठ्यांचं बोलणं पडताळून बघावंसं वाटू लागतं, आणि रहस्यकथेत तेच तर काम असतं. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टी बघा: सांगणारा त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे तेरा-चौदा वर्षांचाच. त्याला जे दिसतं ते वाचणाऱ्याला दिसतं.

म्हणून विकत घेण्याआधी दोन जागा तपासा. पहिल्या दहा पानांत काहीतरी बिघडलेलं दिसलं पाहिजे. नुसतं गावाचं वर्णन चाललं असेल तर पुस्तक परत येणार. दुसरं, गुन्हेगार सुरुवातीच्या भागातच भेटलेला हवा. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं १९२९ साली रहस्यकथेला घालून दिलेल्या दहा नियमांतला हा पहिलाच. शेवटच्या प्रकरणात नवाच माणूस उगवला की मुलं चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

अनुवाद असेल तर अक्षरांवर बेतलेले धागे, म्हणजे गुन्हेगाराकडे नेणाऱ्या खुणा, जरूर बघा. रुमालावर इंग्रजी 'पी' भरलेला, माणसाचं नाव फिलिप. मराठीत तिथं नुसतं 'प' छापलं, की मूल परशुराम-पांडुरंग शोधत बसतं आणि फिलिप सुटून जातो.

निपाणीचा_वाचक: जुनी पुस्तकं घेणार असाल तर पानं मोजून घ्या. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेला गठ्ठा, असतो. शिवण सैल झाली की शेवटचा फर्माच गळतो, म्हणजे नेमका उलगडाच गायब. शिवाय पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं गुन्हेगाराचं नाव लिहून ठेवतंच. प्रत परत आली की खोडरबर घेऊनच बसा.

शेवटचं_पान: आणि एक. १८० पानांचं पुस्तक १२० व्या पानावर थांबवा. प्रत्येकानं चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि ज्या पानावरून संशय आला त्याचा आकडा लिहायचा. आकडा नसेल तर चिठ्ठी बाद. सगळ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात पडेपर्यंत पुढची पानं रबर बँडनं बांधून ठेवा, नाहीतर भराभर वाचणारा सगळ्यांना सांगून मोकळा होतो. घरी कन्नड किंवा कोकणी बोलणारी मुलं सावकाश वाचतात, त्यांना दोन दिवस जास्त द्या. धागे बहुतेक वेळा तीच अचूक पकडतात, कारण ती ओळी गाळत नाहीत.

मलप्रभाकाठ: भुताच्या गोष्टी चालतील का? मागणी फार आहे.

निपाणीचा_वाचक: चालतील, पण कपाट वेगळं ठेवा. वाड्यातला आवाज शेवटी खरंच भुताचा निघाला, तर १२० व्या पानावरच्या चिठ्ठीला काही अर्थ उरत नाही.