निरसं दूध शेजाऱ्यांना देणं: नुसती ओळख पुरते का?

धारोष्ण
तीन गाई, दोन शेळ्या. वासरं-करडं पिऊन आणि घरचं भागून रोज चार-पाच लिटर दूध उरतं. ते आजूबाजूच्या सहा घरांत जातं, निरसंच, धार काढल्यापासून तासाभरात. परवा त्यांतल्या एका घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "या दुधाची तपासणी होते का?" मी नाही म्हटलं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

राग आला, खोटं कशाला बोलू. पाश्चरीकरणाची सक्ती आली ती शहरांनी आपल्या दुधाची वाट लावली म्हणून. 19व्या शतकात न्यूयॉर्कमध्ये दारूच्या भट्ट्यांना लागून कोंदट गोठे होते. गाईंना भट्टीतला गरम चोथा घालायचे आणि जे पातळ, निळसर दूध निघायचं त्यात खडू कालवून पोरांना पाजायचे. त्या दुधाला कायदा हवाच होता. पुढे 1908 मध्ये शिकागोने पाश्चरीकरण सक्तीचं केलं, ठीकच केलं. पण शंभर गोठ्यांचं दूध एका टाकीत ओतणाऱ्याला आणि ज्याच्या गाईला शेजारची पोरं नावाने हाक मारतात त्याला एकच माप? दहा वर्षं देतोय. एकही तक्रार नाही.

पेट्रीडिश
गाय ओळखीची असेल, तिच्या आतड्यातले जीवाणू तुमच्या ओळखीचे नाहीत. ई. कोलाय ओ157 हा प्रकार ठणठणीत गाईच्या पोटात सुखाने राहतो. तिला ना ताप, ना हगवण. सडाला लागलेला शेणाचा एक शिंतोडा दुधात उतरला की झालं. आजारी पडायला शंभराहून कमी जीवाणूही पुरतात. मोठी माणसं बहुधा आठवड्याभरात सावरतात. लहान मुलांपैकी काहींची मूत्रपिंडं निकामी होतात. आणि दुधाचा वास, चव, रंग, सगळं जसंच्या तसं.

"शहरी दुधाचा रोग" हे कारणही अर्धंच आहे. माल्टा बेटावर गवळी शेळ्या दारोदार हिंडवायचे आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचे. याहून जवळचं दूध कुठलं? तिथल्या ब्रिटिश सैनिकांना आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप यायचा. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूसने 1887 मध्ये त्याचा जीवाणू दाखवला (त्यालाच पुढे ब्रुसेला नाव पडलं), पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. 1906 मध्ये सैन्याला शेळीचं दूध देणं थांबवलं आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. (तुमच्याकडे दोन शेळ्या आहेत म्हणून मुद्दाम सांगितलं.)

शंकासुर
अहो, उकळून प्या की! एवढा खल कशाला?

धारोष्ण
चार घरं उकळतातच. दोन घरं तसंच पितात, किंबहुना त्यासाठीच माझ्याकडून घेतात. उकळल्यावर दुधातला जीव जातो असं त्यांचं म्हणणं. त्यांतल्या एकांना एरवी दूध पचतच नाही, माझं पचतं.

पेट्रीडिश
दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर आपल्या लहान आतड्यात तयार होतं. गाईच्या दुधात ते नसतंच, मग तापवल्याने नष्ट काय होणार? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2014 मध्ये लॅक्टोज न पचणाऱ्या 16 प्रौढांना दोन्ही प्रकारचं दूध पाजून पाहिलं. निरशा दुधाने त्रास कमी झाला नाही. ब1 आणि क जीवनसत्त्व तापवल्याने थोडं घटतं, हे खरं. पण क जीवनसत्त्वासाठी दूध कोण पितं?

गोठ्यावरून
पेट्रीडिश, तुमचं विज्ञान मान्य, पण तुम्ही हातचं राखून बोलताय. गोठ्याच्या सहवासात वाढलेल्या मुलांना दमा आणि ॲलर्जी कमी होते, हे युरोपातल्या मोठ्या पाहण्यांमध्ये दिसलंय. 2011 मध्ये 'गॅब्रिएल' प्रकल्पाने त्याचा संबंध थेट निरशा दुधाशी जोडला, त्यातल्या निवळीच्या प्रथिनांशी. ते का नाही सांगत?

दुसरं. माझ्या अकरा गाई आहेत. पाश्चरीकरणाला जाणारं निरसं दूध वेगळं आणि तसंच पिण्यासाठी काढलेलं वेगळं, हे बाहेरच्यांना कळत नाही. पहिल्यात "पुढे तापवणारच आहेत" म्हणून हात सैल सुटतो. दुसऱ्यात सड धुवून कोरडे करायचे (ओले सड म्हणजे धुतलेली घाण थेट चरवीत), पहिल्या तीन-चार धारा काळ्या वाटीत घेऊन गुठळी दिसते का बघायचं, मग पिळायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात किटली ठेवून 4 अंशांपर्यंत गार करायचं. धारोष्ण, नाव तुमचं छान आहे, पण कोमट दूध किटलीत घालून सहा दारं फिरणं मला पटत नाही. कासेच्या उबेला जीवाणू भराभर वाढतात.

पेट्रीडिश
राखून नाही ठेवलं, पुढे येणारच होतो. तो संबंध आकडेवारीत दिसतो. पण ती मुलं गोठ्यात लोळतात, गवताची धूळ खातात. दुधाचा वाटा किती हे सुटं करणं अवघड. आणि त्याच संशोधकांनी "निरसं दूध प्या" असा सल्ला द्यायचं टाळलं, कारण तोच जंतूंचा धोका.

गार करण्याबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त लिस्टेरिया हा जीवाणू 4 अंशांनाही हळूहळू वाढतो. गरोदर बाईला तो काय करतो, ते कुठल्याही डॉक्टरांना विचारा. शिवाय गोठा तोच असला तरी त्यातले जंतू तेच राहत नाहीत. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा एच5एन1 सापडला, तोही दुधात भरपूर. ते निरसं दूध प्यालेली गोठ्यावरची मांजरं मेली. आदल्या वर्षी कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

कायद्याचा कीस
एकाच बेटावर दोन न्याय बघा: स्कॉटलंडमध्ये 1983 पासून निरशा दुधाच्या विक्रीला बंदी, इंग्लंडमध्ये शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकलं तर चालतं, बाटलीवर धोक्याची सूचना हवी. जर्मनीत गोठ्यावरून न्या, पण तिथे "पिण्याआधी उकळा" अशी पाटी लागते. अमेरिकेत 1987 पासून एका राज्यातून दुसऱ्यात विकता येत नाही, राज्याच्या आत ज्याचा त्याचा नियम. त्यातून गाईत हिस्सा विकत घ्यायची शक्कल निघाली: गाय तुमचीच, मी नुसती सांभाळतो, आपल्याच गाईचं दूध प्यायला परवाना कशाला? डोकं लावलंय, मानलं. फक्त हिस्सेदार झालात म्हणून जीवाणू मागे फिरत नाहीत.

शंकासुर
मग धारोष्ण यांनीच तापवून द्यावं. 63 अंशांवर अर्धा तास, नाहीतर 72 अंशांवर 15 सेकंद. एक थर्मामीटर आणि एक मोठं पातेलं.

धारोष्ण
कागदावर सोपं आहे. तापवा, सारखं ढवळा, लगेच गार करा, सगळी भांडी उकळत्या पाण्यातून काढा. चार लिटरांपायी रोजचे दोन तास. त्यापेक्षा वासरांनाच पाजेन. आणि हे मी उपकार म्हणून करत नाही. माझं गवत कापायला तीच सहा घरं येतात. तुमच्या चर्चेत हे कुठेच बसत नाही.

दोन लेकरांची आई
मी सहसा लिहीत नाही. धारोष्ण, "दहा वर्षांत एकही तक्रार नाही" हे वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना ओळखीच्या गोठ्यावरचं निरसं दूध प्यायला. चौथ्या दिवशी ताप, पोटात कळा, रक्त पडायला लागलं. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू निघाला. दवाखान्यात पाच दिवस काढले. आता ठीक आहे. दुधातूनच आला हे मी सिद्ध करू शकत नाही, त्या आठवड्यात त्याने आणखी शंभर गोष्टी तोंडात घातल्या असतील.

पण सांगायचंय ते वेगळंच. मी त्या शेतकरीदादांना काहीच बोलले नाही. इतका भला माणूस, वर्षानुवर्षं पोरांना जीव लावणारा. "दूध नको, आता मुलं पीत नाहीत" इतकंच म्हटलं. अनोळखी दुकान असतं तर तावातावाने भांडले असते. त्यांच्याही वहीत "एकही तक्रार नाही" असंच असेल. नंतर किती घरांत ते दूध गेलं असेल, हा विचार अजून रात्री येतो.

गोठ्यावरून
ताई, हे मला कधीच सुचलं नव्हतं. माझ्याकडेही दोन घरं काही न बोलता बंद झाली आहेत.

धारोष्ण
दोन दिवस काही लिहिलं नाही. ताईंचं वाचून सहाही घरी जाऊन स्पष्ट विचारलं: माझं दूध सुरू झाल्यापासून घरात कुणाला जुलाब, ताप? पाच घरी नाही म्हणाले. सहाव्या घरच्या आजींनी आधी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, मग म्हणाल्या, "धाकट्याला मागे दोनदा झालं होतं. तुला कशाला सांगायचं, तू काय मुद्दाम केलंस?" हे उकळून न पिणाऱ्या दोन घरांपैकी एक.

दूध देणं बंद करणार नाही. पेट्रीडिश, तुमचं जग जंतूंचं आहे, माझं माणसांचंही आहे. पण त्या दोन घरांना सांगितलंय, उकळणार असाल तरच किटली येईल. एक घर तयार झालं. दुसरं रागावलंय, आता दुसरा गोठा शोधतील. पशुवैद्यांना ब्रुसेलाच्या चाचणीसाठी सगळ्या जनावरांचं रक्त घ्यायला बोलावलंय.

पेट्रीडिश
दुसरा गोठा शोधतील, ही माझ्या बाजूची अडचण आहे, कबूल करतो. बंदी घातली तरी हेच होतं.

धारोष्ण
गोठ्यावरून, एक विचारायचं राहिलं. कासदाहासाठी ते निळं-जांभळं द्रावण मिसळून बघतात, ते शेळीच्या दुधाला चालतं का?

गोठ्यावरून
चालतं. पण शेळीच्या दुधात मुळातच पेशी जास्त असतात, त्यामुळे जरा घट्ट झालं तर घाबरू नका. दोन्ही सडांचं दूध चाचणीच्या ताटलीतल्या वेगवेगळ्या खळग्यांत घ्या. एकीकडचं पातळ आणि दुसरीकडचं जेलीसारखं झालं, तर त्या दिवशीचं दूध कुणालाच देऊ नका.