मदत हवी आहे: रेशाद मसाल्याचे (गोव्याकडचं लाल मिरची-व्हिनेगरचं वाटण) जाड पोर्क चॉप न करपवता कसे भाजायचे?

चॉप हाडासकट, अडीच सेंमी जाड. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तीन तास फ्रीजमध्ये ठेवलेले, नंतर टिपून कोरडे केलेले. कडेच्या चरबीला दोन-दोन सेंमीवर चिरा दिल्यात, नाहीतर चरबी आक्रसते, चॉप वाटीसारखा वळतो आणि मध्यभाग तव्याला टेकतच नाही.

मीठ-मिरीचा साधा चॉप बिडाच्या तव्यावर उत्तम होतो. आधी चरबीची कड उभी धरून तेल सुटू द्यायचं, मग दर मिनिटाला उलटायचं. आत ६३ अंश सेल्सिअस झालं की उतरवून तीन मिनिटं तसंच ठेवायचं.

अडचण रेशाद मसाल्याची आहे. त्यात साखर आणि वाटलेली काश्मिरी मिरची, त्यामुळे आत जेमतेम ४५ अंश असतानाच बाहेरचा मसाला काळा, कडू होतो. आच कमी केली की पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी शिजतं. रात्रभर मुरवलं तर व्हिनेगरने वरचा थर भुसभुशीत होतो, तेही नको.

गोव्याकडच्या मंडळींना विचारायचंय: मसाला आधी तेलात वेगळा परतून शेवटच्या दोन मिनिटांत लावता का? की साखर वगळून वाटता आणि नंतर वरून घालता? ओव्हनमध्ये आधी ५५ अंशांपर्यंत नेऊन मग तव्यावर टाकलं तर मसाला चिकटून राहतो का?

आणखी एक, खांद्याच्या स्टेकला हीच पद्धत चालणार नाही, तो चिवट राहतो. त्याला कुकरमध्ये किती वेळ देता? कृपया शिट्ट्यांऐवजी मिनिटं सांगा.