मदत हवी आहे: अकोल्यात घरावर सोलर, ३ किलोवॅट की ५? (शिवाय वानरं, वाळवणं आणि मीटरवरचं नाव)

गच्चीवरून

नमस्कार मंडळी,

अकोल्यात राहते. तळमजला अधिक एक असं घर, वर मोकळी गच्ची. येत्या उन्हाळ्याच्या आत सोलर बसवायचं असं घरात ठरत आलंय. पण दोन वेंडर येऊन गेले आणि दोघांनी मिळून डोक्याचा पार भुगा केला. जाणकारांनी जरा वाट दाखवा.

आधी कारण सांगते. २०२४ च्या मे महिन्यात आमच्याकडे उन्हामुळे कलम १४४ लावलं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसतं ऊन. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आजही ही थाप वाटते. वरच्या खोलीच्या भिंतीला रात्री अकराला हात लावला तरी गरम. पूर्वी कूलरवर निभायचं, पण सासूबाईंना ते ऊन सोसेना म्हणून एसी घेतला. ऊन वाढलं म्हणून एसी, एसीसाठी आपल्याच जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक वीजकेंद्रात आणखी कोळसा जाळायचा, आणि त्यानं आणखी ऊन. हे मनाला लागून राहिलंय. बिल लागतं ते वेगळंच.

वर्षभराची बिलं समोर घेऊन बसलेय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १४० ते १६० युनिट. मार्चला २८०, एप्रिल ४३०, मे ५००, जून ३८०. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत अडीचशेच्या आसपास. वर्षाचे साधारण ३,१५०.

पहिला वेंडर म्हणतो ३ किलोवॅट लावा, अनुदानाआधी १ लाख ९० हजार. दुसरा म्हणतो, "ताई, मेमध्ये तुमचे ५०० युनिट जातात, ३ पुरायचं नाही, ५ च लावा, बिल झीरो." उरलेली वीज कंपनी विकत घेते, म्हणजे उलट कमाईच, असंही म्हणाला. हे कितपत खरं?

दुसरी अडचण सासूबाईंची. उन्हाळ्यात गच्ची त्यांची: कुरडया, पापड, सांडगे, मूगवड्या. वेंडर म्हणाला, उंच स्ट्रक्चर करून देतो, खाली खुशाल वाळवणं घाला. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "वर पाटे लावल्यावर खाली ऊन कुठून यायचं रे बाबा?" त्यावर तो चहाच प्यायला लागला.

तिसरं, आमच्या भागात वानरांच्या टोळ्या येतात. पाण्याच्या टाकीचं झाकण त्यांनी कितीदा काढलंय. काचेवर उड्या मारल्या तर? आणि वळवाच्या वादळांची धास्ती आहेच. २०२३ च्या एप्रिलमध्ये पारसला मंदिराच्या शेडवर झाड पडून माणसं गेली, तेव्हापासून वारं सुटलं की पोटात गोळा येतो.

चौथं, मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन बराच काळ लोटला. चालेल का?

---

हिशेबनीस

ताई, तुम्ही महिन्यावार युनिट दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक "बिल पाच हजार येतं" एवढंच लिहितात, मग सांगणारा तरी काय सांगणार.

५ किलोवॅट विसरा. का ते सांगतो, जरा लांबेल.

आपल्याकडे १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. पावसाळा, धूळ, ढग सगळं धरून ३ किलोवॅटचे वर्षाला ३,९०० च्या आसपास. तुमचा वापर ३,१५०. वर्षाची बेरीज बघितली तर ३ किलोवॅट भरपूर. पण नेट मीटरिंगचा, म्हणजे तुम्ही कंपनीला दिलेले युनिट तुमच्या वापरातून वजा करण्याचा, हिशेब आर्थिक वर्षाचा असतो. जास्तीचे युनिट महिन्यामागून महिना पुढे जमा होत राहतात, ३१ मार्चला जे शिल्लक असेल ते वीज कंपनी वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं घेते आणि १ एप्रिलला तुमचं खातं पुन्हा शून्यावर येतं. तो दर तुम्ही विजेला मोजता त्याच्या जवळपासही नसतो. वेंडरची 'कमाई' ती हीच.

आता हे विदर्भाच्या ऋतूंवर ठेवून बघा. थंडीत तुमचा वापर दीडशे, सोलरचे सव्वातीनशे. नोव्हेंबर ते मार्च युनिट साठत जातात, आणि खरी गरज सुरू होते त्या एप्रिलच्या तोंडावरच साठा स्वस्तात निघून जातो. वर्ष जूनला सुरू झालं असतं तर विदर्भाचं सोनं झालं असतं!

तुमच्या आकड्यांवर मांडलं तर ३ किलोवॅटला एप्रिल ते ऑगस्ट मिळून अडीचशे युनिट कमी पडतील आणि मार्चअखेर हजारभर उरतील. ५ किलोवॅटला कमी काहीच पडणार नाही, पण उरतील तेहतीसशे. म्हणजे तेवढ्या अडीचशे युनिटांसाठी दोन किलोवॅटचे जादा पैसे. शिवाय पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार आणि तिथेच संपतं. ७८ हजारांच्या वर एक रुपया नाही. चौथा-पाचवा किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून.

खरा प्रश्न २ की ३ हा आहे, तो तुम्हाला कोणी विचारलाच नाही. बिलाचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे चढत जातात. सोलर आधी वरच्या, महाग टप्प्यातले युनिट खातं. २ किलोवॅटमध्येच ती मलई निघून जाते. तिसरा किलोवॅट बराचसा खालचे स्वस्त युनिट वाचवतो, म्हणून पैसे सावकाश फिटतात. तरी १८ हजार मिळतात म्हणून मी ३ च्याच बाजूनं आहे, एका अटीवर: थंडीतले ते हजार युनिट घरातच वापरा. आंघोळीचं पाणी गॅसवर तापत असेल तर गिझर, स्वयंपाकाला इंडक्शन, पुढेमागे इलेक्ट्रिक स्कूटर. यातलं काहीच करायचं नसेल तर २ बास.

आणि 'बिल झीरो' असं काही नसतं. स्थिर आकार भरावाच लागतो.

---

मोर्णाकाठ

ताई, म्या बी अकोल्याचाच. वानराचं लय टेन्शन घेऊ नका. माह्या गच्चीवर येतात, पाट्यावर बसतात, पन काच काई फुटली नाई. त्याहिचा खेळ वायरसंगं असते. लोंबती वायर दिसली का वढलीच समजा. सगळी वायर पाइपातून घ्याले लावा, पाट्याखालची बी बांधून घ्या.

दुसरं म्हंजे बोअरच्या पान्यानं पाटे धुवू नका. आपला खारपानपट्टा, जमिनीतलं पानीच खारं. पानी वाळलं का पांढरे डाग पडतात काचीवर, मंग घासूनबी निंघत नाई. महानच्या धरनाचं नळाचं पानी येते ना, तेच्यातली एक बादली बाजूले ठेवा. सकाळी ऊन निंघाच्या आंदी धुवा, तापल्या काचीवर थंड पानी टाकू नका.

---

गच्चीवरून

हिशेबनीस, मार्चची ही गोष्ट दोघांपैकी एकाही वेंडरनं काढली नाही! पाणी गॅसवरच तापतं आमच्याकडे, त्यामुळे गिझरचा विचार नक्की. पण एक कळलं नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे एवढं ऊन असतं, तर तेव्हा वीजही दणकून नको का व्हायला?

मोर्णाकाठ दादा, बोअरचं नक्की लक्षात ठेवते. आमच्या नळाच्या तोटीवरही तोच पांढरा थर आहे.

---

फ्यूज गेला

वीजक्षेत्रात नोकरी करतो म्हणून लिहितोय.

उन्हाचं आधी. पॅनलला लागतो उजेड, उष्णता त्याला सोसत नाही. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि पुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. मेच्या दुपारी अकोल्यात पॅनल ६५ अंशांवर गेलं की १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ दिवसाला मेइतकीच, कधी जास्तही वीज मिळते. कोटेशनमध्ये हा तापमानाचा आकडा विचारा, जितका कमी तितकं विदर्भात बरं. पॅनल गच्चीला चिकटवून नकोत, खालून वारा खेळला पाहिजे. त्यांच्या सावलीमुळे वरच्या खोलीचा स्लॅब कमी तापेल, तो फायदा फुकटचा.

कोणी सांगितलं नसेल तर हेही ऐका: लाइट गेली की साधं सोलरही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरून उलटी वीज जाऊन झटका बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा) स्वतःच थांबतो. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड घ्यावं लागतं आणि खर्च चांगलाच चढतो. तुमच्याकडे बॅटरीवाला जुना इन्व्हर्टर असेल तर तो तसाच राहू द्या.

मीटरचं नाव आधी बदला, बाकी सगळं नंतर. वीजबिल, सूर्यघर योजनेच्या पोर्टलवरची नोंदणी आणि अनुदान येणारं बँक खातं, तिन्हीकडे एकच नाव हवं. घरात इतर वारस असतील तर त्यांची ना हरकत आताच घ्या. तांत्रिक मंजुरीची काळजी नको, २०२४ च्या नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंत वेगळी तपासणी लागत नाही.

अनुदानासाठी पॅनलमधले सेलही भारतीय बनावटीचे लागतात, बोलीभाषेत 'डीसीआर'. स्वस्त कोटेशनमध्ये इथेच गोम असते. बिलावर पॅनलचे सिरियल नंबर मागा. अर्थिंग तीन वेगळी हवीत: डीसी (पॅनलकडची बाजू), एसी (इन्व्हर्टरनंतरची घराकडची बाजू) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं. "एकातच करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

---

कडूकारलं

सगळं ठीक, पण पर्यावरणाचं मनावर घेऊ नका. तुमच्या सहा पाट्यांनी पारसची चिमणी थांबणार आहे का? पैसे वाचतात म्हणून लावा आणि मोकळे व्हा.

---

हिशेबनीस

कडूकारलं, चिमणी थांबणार नाही, मान्य. पण आपल्या ग्रिडमध्ये अजूनही कोळशाचाच वाटा मोठा, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. ३,९०० युनिट म्हणजे वर्षाला पावणेतीन टन, एका घराचे. पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा ते आपल्या उन्हात एक-दोन वर्षांत परत देतं आणि पुढे वीसेक वर्षं चालतं. मला तरी हा आकडा क्षुल्लक वाटत नाही.

तुमच्या बोलण्यात खरं आहे ते वेगळं. रात्री दहाला तुमचा एसी चालतो तो पारसच्याच जिवावर. कागदावर नेट मीटरनं फिटंफाट होते, कोळसा मात्र जळतोच. म्हणून मशीन, पंप, इस्त्री, मिक्सर ही कामं अकरा ते तीनमध्ये सरकवता आली तर तेवढी वीज खरोखर छतावरची. ताईंना दुपारी जमेल का हे त्यांच्या नोकरीवर आहे.

---

कौलारू

वाऱ्याबद्दल लिहितो, मी रायगडचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा पत्रे कागदासारखे उडताना पाहिलेत. वाऱ्यात पॅनल पतंग होतं, त्याला धरून ठेवतो तो खालचा सांगाडा. तो जितका उंच तितका वाऱ्याचा जोर जास्त, हे सोपं गणित उंच स्ट्रक्चर विकणारे सांगत नाहीत. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) लोखंड घ्या, जागेवर वेल्डिंग करून वर चंदेरी रंग फासलेलं नको. पाय स्लॅबमध्ये ड्रिल करून बसवणार असतील तर गळतीची जबाबदारी लेखी घ्या.

वाळवणांसाठी उंच करू नका, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. ३ किलोवॅटला सावलीविना ३०० चौरस फूट पुरतात, बाकीची गच्ची त्यांची.

---

गच्चीवरून

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना शेवटचं वाक्य वाचून दाखवलं, त्यांनी कौलारूंना आशीर्वाद दिलाय.

तर ३ किलोवॅट, बसकं स्ट्रक्चर, दक्षिणेकडच्या अर्ध्या गच्चीवर. नावबदलाचा अर्ज या आठवड्यात. दीर पुण्याला असतात, त्यांची ना हरकत मागवलीये. गारांचं कोणी बोललं नाही, ते सांगाल? आणि इन्व्हर्टर कुठे बसवायचा? वेंडर म्हणतो गच्चीच्या कठड्यावर, वायर कमी लागते.

---

फ्यूज गेला

कठड्यावर अजिबात नको. मेच्या उन्हात इन्व्हर्टर तापला की तो आपणहून वीज कमी करतो आणि आयुष्यही घटतं. जिन्यावरच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीवर, चहूबाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवून बसवा. चार मीटर वायर जादा लागली तर लागू दे.

गारा: पॅनलच्या मानक चाचणीत २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरच्या वर वेगानं काचेवर मारतात. आवळ्याएवढ्या गारा सोसेल, लिंबाएवढ्यांची हमी कोणी देत नाही. घराचा विमा असेल तर त्यात पॅनलची नोंद करून घ्या.

आणि ते १ लाख ९० हजारांचं कोटेशन कधीचं आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कागद त्याआधीचा असेल तर नवा मागा.