झेंडू कमरेएवढा, टोमॅटो चार! वाफ्यात फुलं लावायची तरी कुठे?

परसातली (नाशिक):
घरामागे विटांचे तीन वाफे बांधलेत, आठ बाय तीन फुटांचे, फूटभर उंच. 'टोमॅटोत झेंडू लावला की कीड येत नाही' असं जो तो सांगतो, म्हणून जुलैत दर दोन टोमॅटोंच्या मध्ये एक झेंडू लावला. झेंडू कमरेएवढा झाला. दसऱ्याला तोरण झालं, तीन घरी फुलं वाटली, सासूबाई खूश. टोमॅटो मात्र झाडाला चार-पाच, त्यातल्या निम्म्यांना भोक. ऑक्टोबरच्या उन्हात झेंडूवर बारीक जाळीही धरली. शेजारच्या वाफ्यातल्या वांग्याचे शेंडे माना टाकतायत ते वेगळंच. फुलांचा नाद सोडू का?

गच्चीवाला:
मोठा झेंडू लावलात तिथेच चुकलं. मखमली लावायचा, फूटभराच्या वर जात नाही.

तात्या (जुन्नर तालुका):
ताई, झेंडूनं अळी पळत नाही, उलट झेंडूवर येते. हरभऱ्यावरची घाटेअळी तीच टोमॅटो पोखरते आणि तिच्या पतंगाला झेंडूच्या फुलावर अंडी घालायला आवडतं. म्हणून शेतात टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ लावतात. लावताना झेंडूचं रोप 45 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं घेतात, म्हणजे दोघं एकदमच फुलावर येतात. पण नंतर त्या फुलांतल्या अळ्या वेचाव्या लागतात. तुम्ही पिंजरा लावलात आणि उंदीर घरातच सोडलात!

तुमच्या वाफ्याला एका टोकाला दोन झाडं पुरेत. तेही उत्तरेच्या टोकाला, कारण दिवाळीनंतर ऊन दक्षिणेकडून येतं, सावली भाजीवर पडायला नको. जाळी म्हणजे लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरात फवारा मारा, फार झालं असेल तर झाड उपटा.

वांग्याचा झेंडूशी काडीचा संबंध नाही. मान टाकलेला शेंडा खालून इंचभर जास्त घेऊन कापा, चिरून बघा, आत अळी सापडेल. तो शेंडा खताच्या खड्ड्यात टाकू नका, नाहीतर परत तिथूनच पतंग निघेल.

आणि एक करा. टोमॅटोचं एक झाड मुळासकट उपटून धुवा. गाठी आहेत का सांगा.

कोथिंबीरवेडी:
मी तर कोथिंबिरीची चार झाडं मुद्दाम फुलावर जाऊ देते. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर मावा खाणारे ढालकिडे येतात, इवल्या माश्याही भिरभिरतात. वाफ्याच्या कडेला चवळी लावलीय, तिच्यावर काळा मावा बसतो. आई ओरडते, पण मी काही मारत नाही. आठवड्याभरात ढालकिडे येऊन साफ करतात. मात्र एकदा का तुम्ही फवारलंत, की तेही गेले.

परसातली:
तात्या, उपटलं. कोपऱ्यातल्या वाफ्यातल्या झाडाच्या मुळांना साबुदाण्यासारख्या गाठी! धुतल्या तरी जात नाहीत, मुळातच फुगलेल्या. बाकी दोन वाफ्यांत मुळं स्वच्छ आहेत.

तात्या (जुन्नर तालुका):
सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक जंत. दिसायचे नाहीत, मुळात घुसून बसतात. त्या वाफ्यात आता टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी काही लावू नका, सगळ्यांना धरतात. तिथलं खुरपं दुसऱ्या वाफ्यात धुतल्याशिवाय नेऊ नका.

इथे मात्र झेंडू खरा कामाचा, पण एखाद-दुसरं झाड लावून भागत नाही. अख्खा वाफा दाट भरा, मखमली चालेल, दोन-तीन महिने राहू द्या. सूत्रकृमींना मारक असं द्रव्य त्याच्या मुळांतच असतं, म्हणून मुळांनी सगळी माती धरायला हवी. मग झाडं तिथेच बारीक करून मातीत गाडा.

परसातली:
म्हणजे परत झेंडूच! सासूबाईंना आत्ताच सांगत नाही, नाहीतर बाकीचे दोन वाफेही जातील.