तालुक्याच्या व्यापारी संघटनेचा सत्कार : मानपत्रात काय लिहावं, तारीख कोणती धरावी?

बाजारगल्ली : लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. संघटनेत किराणा, कापड, कृषी सेवा केंद्र, दोन-तीन डाळमिल आणि फॅब्रिकेशनवाले आहेत. थकलेल्या बिलांपासून शॉप अॅक्टपर्यंत (दुकानं-आस्थापनांचा कायदा) सगळीकडं हीच मंडळी भांडते. बाजारपेठेतर्फे जाहीर सत्कार करायचाय. मानपत्र, तारीख, भेटवस्तू, तिन्हींबद्दल सांगा.

खातेवही : ‘अथक परिश्रम, निःस्वार्थ सेवा’ हे कुठल्याही चेअरमनला चिकटतं. त्यापेक्षा निवेदनांची फाईल मागवा अन् कोणत्या तारखेला कोणाकडं काय मागितलं, काय पदरात पडलं ते लिहा.

एक चूक हमखास होते : ‘व्यापाऱ्यांना ४५ दिवसांत पैसे मिळवून दिले.’ २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याचं हे बिल वेळेत देण्याचं कलम उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवा पुरवठादारांसाठी आहे. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवस, करार असला तरी ४५ च्या पुढं नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. किरकोळ-घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण फायदा अग्रक्रम क्षेत्रातल्या (बँकांनी प्राधान्यानं द्यायच्या) कर्जापुरताच. म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याचं बिल सुटलं असेल तर तसंच लिहा, किराणावाल्याच्या नावावर खपवू नका. सभेत एखादा सीए बसलेला असतोच.

शॉप अॅक्टचंही तसंच. २०१७ च्या कायद्यात ठरलेल्या संख्येपेक्षा कमी कामगार असले तर नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची. तिथं ‘परवाना मिळवून दिला’ लिहिलं तर हसं होईल.

खिळे_आणि_शाई : मजकूर १५०-१८० शब्दांच्या वर नको. वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात, त्यापुढं लोक चहाकडं बघतात. ए-३, ३०० जीएसएमचा जाड कागद, फ्रेमच्या पट्टीखाली जाईल म्हणून चारी बाजूंनी किमान २ सेंटिमीटर मोकळं. युनिकोडमधला मजकूर प्रेसवर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना ‘व्यापाऱ्यांच्या’तला ‘ऱ्य’ आधी फुटतो. मोबाईलवरच्या फोटोवर ओके देऊ नका, कागदावर प्रूफ काढून दोघांनी मोठ्यानं वाचा.

येळवस : तारखेचं बघा राव. २७ जून हा जागतिक एमएसएमई दिन, कागदावर झकास; पण तेव्हा पेरणीची घाई असते, बी-बियाणं अन् खतवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, अधिकारी सकाळी सापडत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक, मोंढा (धान्यबाजार) गच्च. वेळ अमावस्येला तर गाव शेतात असतं. जुलैअखेर साप्ताहिक सुट्टीची संध्याकाळ धरा. रात्री १० ला भोंगा बंद करावाच लागतो, म्हणून सहालाच सुरू करा.

शाल द्यायची तर संभाजीनगरची हिमरू द्या, सुती ताण्यावर रेशमी बाण्याची. हातमागाची हवी असेल तर आधी ऑर्डर द्यावी लागते.

बाजारगल्ली : नावं कोणाची टाकावीत? अध्यक्षपदावर दोन गट आहेत.

खातेवही : मग मानपत्र संस्थेच्या नावानं काढा. संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयात मंजूर झालेला शेवटचा चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलाची नोंद) मागा, कार्यकारिणीची नावं त्यातूनच घ्या. आणि फाईल सांभाळणाऱ्या कारकुनाला वेगळी शाल ठेवा, तो नेमका यादीतून सुटतो. भेटवस्तूंच्या खरेदीवरचा जीएसटी मात्र कोणी इनपुट क्रेडिटमध्ये (स्वतःच्या करातून वजा करायला) धरू नका, भेट दिलेल्या मालावर ते मिळत नाही.