प्लास्टिकबंदीचा बडगा कोणावर उगारायचा?

कोथरूडकर: राज्याने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही गेल्या रविवारी मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतली, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी गोणपाटाखालून पातळ पिशवी काढलीच. नको म्हटले तर "घ्या हो, ओली आहे" हे वर! माझे मत असे की, कायद्याने चुकीची मान पकडली आहे. विजेच्या उपकरणांचे उदाहरण घ्या. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००६ मध्ये तारांकन, म्हणजे उपकरण किती वीज वाचवते हे ताऱ्यांनी दाखवणारे लेबल, सुरू झाले आणि २०१० पासून एसी व फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसाठी ते सक्तीचे झाले. फार वीज खाणारा फ्रिज दुकानात येऊच द्यायचा नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या सद्बुद्धीवर काही अवलंबून राहत नाही.

सदाशिवपेठी: आपली तुलनाच मला पटत नाही. फ्रिज मोजक्या कंपन्या बनवतात, पिशवी मात्र एका शेडमध्ये एका यंत्रावर निघते, तेव्हा तिथे पोहोचणार कोण? देशपातळीवर पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ठरली; मंडईत मायक्रॉन मोजायला कोणी बसलेले मी तरी पाहिले नाही. उलट २०१८ मध्ये तपासणी कडक होती, तेव्हा आमच्या आळीत माळ्यावरच्या कापडी पिशव्या खाली आल्या होत्या. दंडाची भीती शेवटच्या हातापर्यंत पोहोचली, की सवय बदलते. ती भीती टिकवली नाही, हा दोष कायद्याचा नव्हे.

कोथरूडकर: शेडचा मुद्दा मान्य. प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम व्यवहारात नोंदणीकृत उत्पादकापर्यंतच पोहोचतात, ही त्यांतली पळवाट खरीच. पण म्हणून पाच रुपयांच्या जुडीवर पाच हजारांचा दंड न्याय्य ठरत नाही, आणि तो इतका अवाजवी असल्यामुळेच बहुधा वसूल करणाऱ्याचा हात आखडतो.

गांडूळखतवाला: दंडाचे राहू द्या, सवलतीचे ऐका. गांडूळखत, सौर ऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प केल्यास पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सूट देते, दोन केल्यास १० टक्के. आमच्या सोसायटीने खड्डा बांधला, फोटो काढले, अर्ज केला. आज त्या खड्ड्यात दोन मोडक्या सायकली आहेत. सवलत मात्र दर वर्षी बिलावर छापून येते.